जुनी गाडी दारात, पण कागदावर मालक कोण?

गावोगाव फिरताना एक बदल डोळ्यांत भरतो. जिथे पूर्वी बैलगाडी सोडलेली असायची, तिथे आता एखादी जुनी मारुती ८००, अल्टो नाहीतर सँट्रो उभी असते. पुण्या-मुंबईच्या माणसाला नको झालेली गाडी एजंटामार्फत आपल्याकडे येते आणि पन्नास ते ऐंशी हजारांत विकली जाते. आम्ही पडलो शेतीखात्याची माणसे, गाडीतले आम्हाला काय कळणार, असे कोणी म्हणेल. पण शेतकऱ्याच्या घरातला पैसा कुठे जातो हे पाहणे आमच्या कामातच येते, म्हणून हे लिहितो.

प्रथम एक सांगून टाकतो. जुनी गाडी घेणाऱ्याला ‘चैन चालली आहे’ म्हणून हिणवणे मला मान्य नाही. म्हाताऱ्या आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचे, पावसात पोरांना शाळेत सोडायचे, भाजीची चार क्रेट बाजारात टाकायची. मोटारसायकलवर तिघे बसून हायवे ओलांडण्यापेक्षा जुनी चारचाकी कधीही बरी. आणि हप्त्यावर नवी गाडी घेऊन पाच वर्षे बँकेचे तोंड पाहण्यापेक्षा रोखीची जुनी गाडी शहाणपणाची. फक्त ती रोकड पीक कर्जाची नसावी. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडले तर आपल्या राज्यात व्याज शून्य पडते. ते गाडीत घातले आणि थकले, तर सवलत गेलीच, पुढच्या हंगामाचे कर्जही अडले.

आता खर्चाचे बघू. गाव ते तालुका बारा किलोमीटर धरा, जाऊन-येऊन चोवीस. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ७,२०० किलोमीटर होतात. जुनी गाडी लिटरला सोळा देते असे मानले तर ४५० लिटर पेट्रोल लागेल. १०५ रुपये भाव धरला तर ४७,२५० रुपये झाले. हेच अंतर मोटारसायकलवर पन्नासच्या ॲव्हरेजने पंधरा हजारांत होते. गाडीला वर विमा, ऑइल, बॅटरी, टायर, फिटर यांचे बारा-पंधरा हजार धराच. म्हणजे साठ हजारांची गाडी दर वर्षी साठ हजार खाते! घेताना फक्त किंमत विचारली जाते, हा हिशेब कोणी करत नाही. घरात पंचाहत्तरी ओलांडलेले माणूस असेल तर त्याला २०२२ पासून एस.टी. फुकट आहे, बायांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. एस.टी. वेळेवर येत असेल तर रोज गाडी काढायची गरज नाही. वेळेवर येत असेल तर, हे मीही जाणतो.

कमी अंतराला गाडी वापरायची असेल तर पेट्रोलचीच घ्या. दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद केलेले इंजिन पुरते तापतच नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून गंजतो, ऑइल लवकर खराब होते, बॅटरी भरत नाही. म्हणून अशा गाडीचे ऑइल किलोमीटर न बघता वर्षाला एकदा बदलावे, आणि आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटरची सलग फेरी मारावी. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, ती अशा छोट्या फेऱ्यांनी तुंबते. दुसरे म्हणजे दिल्ली भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. तिकडच्या आरटीओची ना-हरकत आणि आपल्या राज्याचा कर हे दोन्ही धरले की स्वस्ताई संपते.

बैल घेताना आपण दात बघतो, म्हैस घेताना दोन वेळा धार काढून बघतो. मग गाडीच्या बाबतीत नुसत्या चकचकीत रंगावर का भुलावे? सकाळी न सांगता जा आणि बॉनेटला हात लावा. गरम लागले तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिन एका सेल्फला उठले पाहिजे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. टायरवर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात, तेच त्याचे दात समजा. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटपर्यंत बघा. टोकाला गाळाची रेघ दिसली तर ती गाडी पुरात बुडालेली आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचे पाणी आपल्या माढा, मोहोळ, करमाळ्यात शिरले. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. आणखी एक, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. तो आपल्याच उसाचा आणि मक्याचा माल आहे, त्याला नावे ठेवू नका, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील फिटरकडून तपासून घ्या. ॲव्हरेज थोडे घटते, हेही धरून चाला.

गाडी कडब्याच्या गंजीजवळ लावू नका, उंदीर वायरी कुरतडतात. आणि औषधाचे डबे, फवारणीचा पंप पोरांबरोबर काचा लावून नेऊ नका. हे मात्र माझ्या खात्याचे सांगणे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गावात अशा अनेक गाड्या आहेत, ज्यांचे आरसी बुक वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्या नावावरच आहे. विचारले तर उत्तर मिळते, ‘साहेब, नावावर केली की केशरी कार्ड जाईल, बायकोचे दीड हजार बंद होतील.’ हे उत्तर खोटे नाही. १९९९ पासून केशरी शिधापत्रिकेला चारचाकी नसण्याची अट आहे, फक्त टॅक्सीचालकाला सूट. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत ट्रॅक्टर सोडून चारचाकी नावावर असलेले कुटुंब अपात्र ठरवले. पंतप्रधान आवास योजनेच्या घरकुलालाही तीच अट. म्हणजे साठ हजारांच्या गाडीपायी वर्षाचे अठरा हजार, रेशन आणि एखाद्याचे घरकुल जाते. त्यामुळे माणूस गाडी दुसऱ्याच्याच नावावर ठेवतो.

पण बंधूंनो, यात जीव अडकू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की आरसीवर ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. गाडी विकून मोकळा झालेला पुण्याचा माणूस कोर्टात खेचला जातो. तुमचीही सुटका नाही. समोरच्याला इजा झाली तर चालू विमा त्याला भरपाई देतो. पण तुमच्या गाडीचे नुकसान आणि चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, हे दोन्ही नाव बदलल्याशिवाय तुम्हाला मिळायचे नाही. आणि विमा संपलेला असेल तर? १००० सीसीच्या आतल्या गाडीचा सक्तीचा विमा २०२२ साली २,०९४ रुपये अधिक कर असा ठरला. एवढ्या पैशांसाठी दोन घरे बुडतात. हीच गाडी वडापला लावली तर खासगी विमा कामाला येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

नाव बदलणे अवघड नाही. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे, त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. विमा कंपनीला चौदा दिवसांत अर्ज. थकलेले चलन आधी बघून घ्या. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट आहे का तेही बघा. गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील तर फेरनोंदणीचे २०२२ पासूनचे ५,००० रुपये आणि पर्यावरण कर किमतीतून वजा करून बोला. वीस वर्षांवरच्या गाडीला तेच शुल्क २०२५ मध्ये १०,००० झाले. एजंटाच्या ‘नंतर करू’ला भुलू नका. पूर्ण पैसे देण्याआधी सह्या घ्या.

आणि आता सरकारला दोन शब्द. दीड लाखाची नवी मोटारसायकल दारात चालते, पन्नास हजारांची वीस वर्षे जुनी मारुती मात्र श्रीमंतीचा पुरावा ठरते, हा कुठला न्याय? १९९९ साली चारचाकी ही खरोखर पुढाऱ्याच्या दारातली वस्तू होती. आज ती भंगाराच्या भावात मिळते. गाडीचे वय आणि किंमत पाहून अट ठरवावी, नुसती चाके मोजू नयेत. अट आहे तशी ठेवली तर गावोगावच्या गाड्या दुसऱ्याच्याच नावावर राहणार, आणि अपघात झाला की भोगायचे ते भलत्याने.

ग्रामसेवक, तलाठी आणि अंगणवाडी ताई यांनाही विनंती आहे. अट बदलेपर्यंत ती पाळावीच लागेल. पण यादीत नाव कापल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगा. ग्रामसभेत पाच मिनिटे काढा, चारचाकी नावावर आल्यावर काय काय जाते ते फळ्यावर लिहा. मग ज्याला गाडी घ्यायची तो हिशेब करून घेईल, ज्याला रेशन ठेवायचे तो एस.टी.ने जाईल. आणि आज ज्याच्या दारात दुसऱ्याच्या नावाची गाडी उभी आहे, त्याने निदान तिचा विमा संपला आहे का, ते आज संध्याकाळी काच उघडून बघावे.