आशाताईंचा सत्कार झाला, पगाराचं काय?

"कोरोनात पुरुष जास्त गेले, मग यात बायकांचा प्रश्न आलाच कुठं?" कोपरगावात चहाच्या टपरीवर हे बऱ्याचदा ऐकतो. मृतांत पुरुष जास्त होते हे खरंच आहे. पण साथ काय फक्त स्मशानात मोजायची असते का?

सप्टेंबर 2020 आठवा. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं, तेव्हा वाड्यावस्त्यांवर फिरून ताप आणि ऑक्सिजन कोण मोजत होतं? आशाताई. राज्यात काही ठिकाणी लोक त्यांच्या अंगावर धावून गेले. कागदावर त्या 'स्वयंसेविका', म्हणजे पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला 1000 रुपये. दिवसाचे 33 रुपये होतात, रोजंदारीवर कांदे काढायलाही कोणी येणार नाही एवढ्यात! 15 जून 2021 ला राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठं 1000 वाढ आणि 500 कोविड भत्ता पदरात पडला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. मग आपल्याकडेही हार-तुरे झाले.

आता लसीचं बघा. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयाच्यांना ऑनलाईन नोंदणी सक्तीची केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात स्वतः वापरायचा मोबाईल जेमतेम 54 टक्के बायकांकडे. बाकीच्यांचा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या फोनवर. गरोदर बाईला तर 2 जुलै 2021 ला परवानगी मिळाली. घरातल्या आजाऱ्याचं ताट-पाणी बघणारीच रांगेत शेवटी, मग त्या घरातली साखळी तुटणार कशी?

आणि पुरुष जास्त गेले, म्हणजे मागं बायका राहिल्या. सातबाऱ्यावर नाव नाही, पण सोसायटीचा हप्ता मागायला माणूस तिच्याच दारात. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले हेरंब कुलकर्णी यांनी या एकल महिलांसाठी राज्यभर काम उभं केलं. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारने 'मिशन वात्सल्य' आणलं, तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमायचं ठरलं.

आपल्या तालुक्यातल्या समितीच्या बैठका किती झाल्या, किती वारसनोंदी लागल्या, हे मी माहिती अधिकारात मागतोय. तुमच्या गावात कुणा ताईची नोंद अडली असेल तर तलाठ्याकडे दिलेल्या अर्जाची पोच घेऊन भेटा. पोच नसेल तर आधी ती घ्या, तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही.