घासल्याने जाते ती कातडी

समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडता आलं, तरच खंडनाला हात घालावा, ही आपल्याकडची वादाची जुनी रीत. तेव्हा आधी पूर्वपक्ष. पायावरचे केस रोज घासले की मुळं कमजोर होतात, केस विरळ होतात आणि एक दिवस कायमचे जातात. घासायला काहीही चालतं: डाळीचं पीठ आणि हळद, टाचेची वजरी, नाहीतर हल्ली घरपोच येणारं ते खडबडीत ‘क्रिस्टल इरेजर’. पुरावे तीन. तान्ह्या बाळाला पिठाच्या गोळ्याने चोळलं की लव जाते. वर्षानुवर्षं घट्ट मोजे घालणाऱ्या पुरुषांच्या पोटऱ्या गुळगुळीत होतात. ओढून वेणी घालणाऱ्या बायकांचं कपाळ मोठं होत जातं.

तिन्ही गोष्टी घडतात, हे मी मान्य करतो. त्यांतून काढलेला निष्कर्ष मान्य करत नाही.

माझ्या मुलीला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी कणीक, साय आणि हळदीचा गोळा तिच्या पाठीवरून फिरवत आणि त्याला चिकटलेली लव मला खिडकीच्या उजेडात धरून दाखवत. दोनेक महिन्यांत पाठ स्वच्छ झाली आणि श्रेय गोळ्याला मिळालं. पण ही लव बाळ पोटात असतानाच उगवते, बहुतेकांची जन्माआधीच गळते आणि उरलीसुरली जन्मानंतर काही आठवड्यांत आपोआप जाते. ज्या बाळाच्या अंगाला गोळा कधी लागला नाही, त्याचीही जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. आपल्या तर्कशास्त्राने याला काकतालीय न्याय असं नाव फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. त्याच बाळाच्या डोक्याकडे मागून पाहा. तिथे टक्कल पडतं आणि घरातले सगळे म्हणतात, उशीवर घासून पडलं. डॉक्टर म्हणतात, ते केस बव्हंशी आपल्या वेळेनेच गळतात. कुणाचंही खरं माना. रात्रंदिवस उशीवर घासूनही तिथले केस वर्षभरात परत येतातच की.

येतात, कारण घासण्याचा हात मुळापर्यंत पोहोचत नाही. बाहेर दिसतो तो केस मेलेला असतो. तो तोडला, झिजवला, कापला, तरी आतल्या कारखान्याला पत्ता नसतो. पायावरच्या कातडीचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाड, तर केसाचं मूळ काही मिलिमीटर खोल. १९९० साली जॉर्ज कॉटसारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, केस पुन्हा उगवणाऱ्या स्टेम सेल केसाच्या नळीच्या एका फुगवट्यात, केस ताठ करणारा स्नायू जिथे चिकटतो तिथे, दडलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत घासत जायचं तर कातडी सोलावी लागेल. तेही शक्य आहे, आणि व्रण उठला तर तिथे केस पुन्हा येतही नाहीत. पण त्याला सौंदर्यप्रसाधन म्हणत नाहीत, जखम म्हणतात.

वेणीचा पुरावा इथेच गळतो. वेणीत केस घासला जात नाही, मुळापासून ओढला जातो, आणि तोही वर्षानुवर्षं. त्या ताणाने मूळ दुखावतं, शेवटी मरतं. ओढणं आणि घासणं एकच मानणाऱ्याने विहिरीतून पाणी शेंदणं आणि विहिरीचा काठ पुसणं एकच मानावं.

मोज्यांचा पुरावा जरा चिवट आहे. घर्षणाने केस तुटून जागा उघडी पडते, हे खरंच. मोजे सुटले की सहसा ती भरूनही येते. शिवाय मध्यमवयीन पुरुषांच्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे केस काही वेळा विशेष कारण नसताना जातात. पायाचा रक्तपुरवठा कमी झाला तरी नडगी गुळगुळीत होते. चालताना पोटऱ्या भरून येत असतील, तर त्या गुळगुळीतपणावर खूश न होता डॉक्टरांना पाय दाखवावा.

आता प्रतिपक्षाच्या कानी न गेलेली एक गोष्ट. सतत घर्षणाने केस वाढल्याच्या नोंदी वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. पाठीखांद्यावर पोती वाहणाऱ्यांच्या नेमक्या ओझ्याच्या जागी दाट केस उगवलेले आढळले आहेत. प्लास्टर काढल्यावर हातापायावर दिसणारे जादा केस तर अनेकांनी स्वतः पाहिले असतील. घासण्याने मूळ मरत असतं, तर पहिलं टक्कल हमालाच्या खांद्यावर पडलं असतं.

आणि इतिहास? रोमन कवी ओव्हिडने दोन हजार वर्षांपूर्वी पुरुषांना बजावलं होतं की, प्युमिस दगडाने पाय घासत बसू नका. म्हणजे तेव्हा लोक घासत होते, आणि आजही घासताहेत. कायमचं काम एकदाच करावं लागतं; हे दोन हजार वर्षं चाललं आहे.

घासून मिळतं काय, तर आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर डाग. नायलॉनच्या खरखरीत कापडाने, ब्रशने वर्षानुवर्षं अंग घासणाऱ्यांच्या पाठीवर, दंडावर, नडगीवर काळपट पट्टे उठतात, हे त्वचारोगतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. केस परत येतात, डाग मात्र लवकर जात नाही.

मग माझं मंडन काय? केस काढावेत की नाही, हा ज्याच्या-त्याच्या पायाचा प्रश्न. न काढण्यात आजार नाही, काढण्यात पाप नाही. काढायचे तर रेझर हा इरेजरचा प्रामाणिक भाऊ आहे, कारण तो कायमचं वचन देत नाही. रेझरने केस राठ होतात, हीही अफवाच; मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली दाढी करणाऱ्या चार पुरुषांचे केस तपासून ती खोडून काढली. कायमचेच घालवायचे, तर मूळ गाठावं लागतं. १८७५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात खुपणाऱ्या पापणीच्या केसाच्या मुळाशी विजेची सुई घातली, तिथून इलेक्ट्रोलिसिस सुरू झालं. एकेक केस, वेळखाऊ आणि दुखरं. लेझर केसाच्या काळ्या रंगात उष्णता सोडून मूळ भाजतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची भाषा तिथेही जपून आहे: ‘कायमची घट’ म्हणता येईल, ‘कायमचं निर्मूलन’ नाही. लेझरच्या कंपन्यांना जो शब्द वापरता येत नाही, तो काही रुपयांच्या खडबडीत काचेवर छापलेला दिसला, तर ती वस्तू दुकानातच ठेवून या. आमच्या घरातली वजरी टाचेसाठी आहे.