गुन्हा दुसऱ्याचा, बोल मात्र स्वतःला

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सीमाभागातल्या बायकांची एक अडचण कागदावर तरी सोपी केली. अत्याचार बेळगावात झालेला असो की चंदगडमध्ये, कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो. कलम ३९७ प्रमाणे सरकारी काय, खासगी काय, रुग्णालयाने उपचार मोफत द्यायचे.

शरीराची जखम भरते. मन मात्र 'माझंच काहीतरी चुकलं' इथे अडकून राहतं. ओरडली का नाहीस, पळाली का नाहीस, हे वकील विचारतील तेव्हा विचारतील. त्याआधी ती स्वतःलाच विचारत असते. भीतीने अंग थिजतं, आवाज फुटत नाही. ही मेंदूची आपोआप होणारी क्रिया आहे, संमती नव्हे. हे तिला कुणी सांगतच नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली मांडलेली आत्मकरुणेची कल्पना इथे कामाला येते: शेजारणीवर असं ओढवलं असतं तर तिच्याशी जसं बोललो असतो, तसं स्वतःशी बोलायचं. ऐकायला सोपं, घरात 'अब्रू गेली' म्हणणारे चार जण असताना भलतंच अवघड.

म्हणून समुपदेशन तिच्या भाषेत हवं. तक्रार परभाषेत कशीबशी देता येते, लाज नाही सांगता येत. टेली-मानसवर (१४४१६) मराठीत मोफत बोलता येतं. 'सखी' केंद्रांत समुपदेशनाची तरतूद आहे, पण सीमाभागात तिथे मराठी जाणणारी बाई बसते का? सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. ही नेमणूक मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीलाही मार्गी लावता येईल.