हिरडा, बाभूळ आणि क्रोम

पोळ्याच्या दिवशी आमच्या सावरगावात बैलांची शिंगे रंगतात, पाठीवर झुली चढतात आणि घरोघरच्या माउल्या बैलांचे पाय धुऊन त्यांस पुरणपोळीचा घास देतात. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, आणि तेवढ्या एका दिवसापुरती पांढुर्णा व सावरगाव ही नावे वर्तमानपत्रांत झळकतात. त्या गोटमारीविषयी आज आम्हांस लिहावयाचे नाही. आम्हांस लिहावयाचे आहे ते बैलाच्या मृत्यूनंतर त्याच्या कातड्याचे जे होते त्याविषयी. ज्या बैलाचे पाय आपण धुतो, त्याच्याच कातड्याची पूर्वी मोट होई, आसूड होई, वहाणा होत. कातडे कुजू न देता टिकाऊ कसे करावे, म्हणजे ते कसे कमवावे, हा प्रश्न मनुष्याने फार प्राचीन काळी झाडांच्या साली व फळे वापरून सोडविला. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत त्यास 'क्रोम' हे नवे उत्तर मिळाले. आणि आता त्या उत्तरासच पर्याय शोधण्याची वेळ आली आहे.

आम्ही मूळचे समुद्रकाठचे, घरी कोंकणी बोलणारे, आणि शिक्षणाने कलाशाखेचे. तेव्हा रसायनाच्या प्रांतात आम्ही लेखणी चालवावी, हे आमच्या विज्ञानशिक्षक बंधूंस धाडसाचेच वाटेल. परंतु या विषयातील रसायन प्रत्येक विद्यार्थ्याने जिभेवर अनुभविलेले आहे. हिरडा चघळला, अथवा कच्चे जांभूळ खाल्ले, की तोंड कोरडे पडते व जीभ आवळल्यासारखी वाटते. त्यालाच आपण तुरट चव म्हणतो. त्या फळांतील टॅनिन नावाचे द्रव्य लाळेतील प्रथिनांस चिकटते आणि त्यांस बांधून टाकते. कातडेही मुख्यत्वे प्रथिनाचेच, कोलॅजेनचे, बनलेले असते. टॅनिन त्याच्या तंतूंस असेच बांधून टाकते, आणि मग ते कातडे पाण्यात कुजत नाही व वाळल्यावर लाकडासारखे ताठ होत नाही. तुरटीनेही कातडे कमावण्याची जुनी रीत आहे. तेव्हा 'तुरट' आणि 'तुरटी' यांचे नाते आपल्या भाषेने उगीच जोडलेले नाही. आमच्या आजोळची वृद्ध मंडळी सांगत की, नायलॉनची जाळी येण्यापूर्वी कोळीबांधव सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात लवकर सडत नसत. तेथे कारण थोडे निराळे, परंतु द्रव्य तेच.

जुनी रीत अशी होती. कातडे प्रथम चुन्याच्या पाण्यात ठेवावयाचे, म्हणजे केस सैल होतात. मग केस व आतील मांस खरवडून काढावयाचे. चुना धुऊन टाकावयाचा. आणि मग बाभळीची साल व हिरडा कुटून केलेल्या पाण्यात ते मुरवावयाचे. आपल्याकडील ढोर समाजातील कारागीर कातड्याचीच पिशवी शिवीत, तीत साल व पाणी भरीत आणि ती तिकाटण्यास टांगून ठेवीत. पाणी हळूहळू कातड्यातून पाझरे, ते पुन्हा आत ओतावयाचे. या सर्वांस कित्येक आठवडे लागत. मोटेस व कोल्हापुरी वहाणेस लागणारे जाड, लालसर तपकिरी चामडे ते हेच. नवी कोल्हापुरी वहाण पहिले आठ दिवस पाय चावते, मग ती पायाचीच होऊन जाते. तो गुण या चामड्याचा आहे.

क्रोमने हे सारे आठवडे एका दिवसावर आणले. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुढे १८९३ मध्ये मार्टिन डेनिस याने ती कृती सुलभ केली. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ती आपल्या देशात आणली. मद्रासजवळच्या एका वस्तीस तर तेथील क्रोम-चामड्याच्या कारखान्यावरून 'क्रोमपेट' हेच नाव पडले, आणि आजही चेन्नईच्या लोकलगाडीचे ते एक स्थानक आहे. क्रोमचे चामडे मऊ, हलके, पातळ. त्यावर हवा तो रंग चढतो. आणि उकळत्या पाण्यातही ते टिकते. सालीने कमावलेले चामडे मात्र उकळत्या पाण्यात आकसून जाते. असे असता कारखानदारांनी कोणते निवडावे? आज जगातील दर पाच भागांपैकी चारांहून अधिक चामडे क्रोमचे आहे. विद्यार्थ्यांच्या पायांतील बूट जर चामड्याचे असतील, तर तेही बहुधा क्रोमचेच.

मग बिघडले कोठे? क्रोमियमची दोन रूपे येथे ध्यानात घ्यावी लागतात. कातडे ज्याने कमावतात ते त्रिसंयुजी रूप त्या मानाने निरुपद्रवी आहे. षट्संयुजी रूप मात्र विषारी असून कर्करोगास कारण होते. कमावण्याचे क्षार ज्या कारखान्यांत तयार होतात, तेथे या दुसऱ्या रूपाशी गाठ पडतेच. तामिळनाडूतील राणीपेट येथे असा एक कारखाना १९९५ मध्ये बंद पडला, आणि मागे दोन लाख टनांहून अधिक विषारी गाळाचा डोंगर राहिला. पावसाचे पाणी त्यातून झिरपून विहिरींत उतरले. शिवाय नेहमीच्या पद्धतीत वापरलेल्या क्रोमपैकी सुमारे दोन-तृतीयांशच कातड्यात राहते. उरलेले सांडपाण्याबरोबर जाते. तामिळनाडूची पालार नदी आणि कानपूरनजीक जाजमऊ येथील गंगा यांस हा अनुभव पुरेपूर आला आहे. पालारच्या काठच्या नागरिकांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला की, जो प्रदूषण करील त्यानेच त्याची किंमत मोजावी, आणि धोका गंभीर असेल तेथे संपूर्ण पुराव्याची वाट न पाहता सावधगिरी बाळगावी. तरीही ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे राणीपेट येथे सांडपाण्याच्या गाळाच्या हौदाची भिंत कोसळली, आणि शेजारी निजलेले दहा कामगार त्या गाळाखाली गाडले जाऊन मरण पावले. त्याच वर्षी युरोपातील राष्ट्रांनी असा नियम लागू केला की, त्वचेस लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत किलोमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक षट्संयुजी क्रोमियम असता कामा नये. ग्राहकाच्या त्वचेसाठी नियम झाला, हे चांगलेच झाले; गाळाशेजारी झोपणाऱ्यांसाठी नियम नव्हते असे नाही, परंतु ते पाळवून घेणारा कोणी नव्हता.

पर्याय आहेत. क्रोमऐवजी ग्लुटाराल्डिहाइडसारखी द्रव्ये वापरून पांढरे चामडे करतात, आणि ते मोटारींच्या बैठकांस व तान्ह्या मुलांच्या बुटांस वापरतात; झिर्कोनियमचे क्षार आहेत; आणि चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने क्रोमच वापरून, परंतु त्यासाठी पाणी न वापरता कमावण्याची कृती काढली आहे. यांची गुणदोषचर्चा आमच्या आवाक्याबाहेरची आहे. रेक्झिनला पर्याय म्हणावे, असे काही जणांस वाटते. आम्हांस ते पटत नाही. वर्षभरात फाटून उकिरड्यावर पडणारे आणि तेथे कधीच न कुजणारे प्लॅस्टिक हा पर्याय नव्हे.

राहिला तो जुनाच पर्याय, झाडांचा. येथे आमचे पुष्कळ सुशिक्षित मित्र भावनावश होतात, आणि निसर्गाचे ते सारे निर्मळ असे समजतात. तसे नाही. बाभळीची साल काढावयाची म्हणजे झाड सोलणे आले, आणि सोललेले झाड वाळते. सालीचे काळपट पाणी ओढ्यात सोडले तर ते पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते आणि मासे मरतात. चुन्याच्या पाण्याची गोष्टही तीच. मऊ, पातळ हातमोज्याचे चामडे साल सहजी देणार नाही. परंतु हिरड्याचा एक विशेष आहे, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो: हिरडा हे फळ आहे. हिवाळ्यात ते पिकून खाली पडते. वेचणारा वेचून नेतो, आणि झाड पुढच्या वर्षी पुन्हा फळते. आमच्या छिंदवाड्याच्या जंगलांत हा हिरडा आहे, आणि तो वेचणारे गोंड बांधवही आहेत. पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावकडे महादेव कोळी बांधव कोवळा बाळहिरडा औषधासाठी गोळा करतात. कातड्यासाठी पक्व फळ लागते. वहाणा, तळवे, पट्टे, दप्तरे यांस सालीचे व हिरड्याचे चामडे उत्तम चालते. एवढ्या वस्तू जरी क्रोममधून सुटल्या, तरी बरेच साधले असे आम्ही म्हणू.

हा विचार आमच्या भागात नवा नाही. १९३४ साली गांधीजींनी 'हरिजन' पत्रात खेड्यातील कातडे कमावण्याच्या धंद्यावर लिहिले. कोट्यवधी रुपयांचे कच्चे कातडे परदेशी जाते आणि पक्का माल होऊन परत येते, हे त्यांस खुपत होते. त्याच दशकात वर्ध्याजवळ नालवाडी येथे चर्मालय निघाले. श्री. वाळुंजकर हे सुशिक्षित गृहस्थ तेथे आपल्या हातांनी मेलेल्या जनावरांची कातडी सोलीत व कमावीत. ज्या कामास हात लावल्याने मनुष्य अस्पृश्य ठरे, ते काम उच्चवर्णीयाने आपण होऊन पत्करावे, हे त्या काळी लहान धैर्य नव्हते.

परंतु नालवाडीच्या आधी महाड झाले होते. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मृत मांस सोडण्याचा निश्चय झाला, आणि सवर्णांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावी असा ठराव झाला. विदर्भातील व आमच्या या सीमाभागातील हजारो कुटुंबांनी पुढे ती कामे टाकून दिली. उत्पन्न गेले तरी टाकली. गांधीजी म्हणत होते, हे काम सर्वांनी करावे. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की, ज्यांच्यावर ते लादले गेले त्यांनी ते प्रथम सोडावे. दोन्हींत क्रम कोणता, हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे पुस्तकी समजत होतो.

गतवर्षी आम्ही एका वर्गास 'आमच्या घराण्याचा परंपरागत व्यवसाय' या विषयावर निबंध लिहावयास सांगितले. संत्र्यांच्या बागा आल्या, कापूस आला, किराणा दुकान आले. एका मुलाने कोरी वही दिली. आम्ही त्यास सर्वांसमक्ष आळशी म्हटले. सुट्टी झाल्यावर तो थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, आमचे आजोबा कातडी कमवायचे. लिहिले असते तर तुम्ही वर्गात वाचून दाखवले असते."

त्या दिवसापासून आमचे मत थोडे बदलले आहे, आणि तेच येथे मांडण्यासाठी हा लेख. क्रोमला पर्याय म्हणून हिरडा व बाभूळ परत यावी, असे आम्हांस अवश्य वाटते. परंतु तिच्यामागून तोच उघडा हौद, तेच अनवाणी पाय, तीच गावाबाहेरची जागा आणि तेच घराणे परत यावयाचे असेल, तर ती न आलेली बरी. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी एका मोठ्या पेढीने कोल्हापुरी वहाणेसारख्या वहाणा दाखविल्या, आणि प्रथम तिचे मूळ सांगितलेच नाही. सर्व महाराष्ट्र खवळून उठला, २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा दाखला दिला गेला, आणि पेढीस ते मूळ मान्य करावे लागले. ते योग्यच झाले. पण त्या संतापात वहाण शिवणाऱ्याचे नाव क्वचित ऐकू आले, आणि वहाणेचे कातडे कमावणाऱ्याचे तर मुळीच नाही. जे कार्य फिरत्या पिंपात यंत्राने होते ते यंत्राने व्हावे, चुना हाताळणाऱ्यास हातमोजे व गमबूट मिळावे, सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे, चामडे महाग पडले तर ग्राहकाने ते दाम द्यावे, आणि हे शास्त्र शिकावयास कोणत्याही जातीचा मुलगा अथवा मुलगी यावी. यातले काही खर्चाचे आहे. त्याचा भार कोणी उचलावा यावर वाद होऊ शकेल. तो आजवर कोणी उचलला यावर होऊ शकत नाही.

आमच्या विज्ञानशिक्षक बंधूंनी त्यानंतर वर्गात एक छोटा प्रयोग करून दाखविला. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घेतली, आणि ते पाणी जिलेटिनच्या द्रावणात ओतले. स्वच्छ द्रावण पाहता पाहता दुधासारखे गढूळ झाले व तळाशी साका बसला. जिलेटिन कोलॅजेनपासूनच निघते. म्हणजे कातडे कमावण्याची क्रिया मुलांनी परीक्षानळीत पाहिली. त्या मुलाने त्या वेळी हात वर करून सांगितले की, कातडे पुरते कमावले गेले की नाही हे पाहण्यासाठी त्याचे आजोबा कडेचा एक तुकडा रापीने कापीत आणि मधला भाग पाहत. मध्ये पांढरी रेघ दिसली तर कातडे कच्चे, आणि आरपार एकच रंग दिसला तर पक्के. हे आम्हांस अथवा विज्ञानशिक्षकांस ठाऊक नव्हते. निबंध त्यास पुन्हा लिहावयास आम्ही सांगितले नाही. दोन दिवसांनी त्याने आपण होऊनच वही आणून दिली. अर्धे पान होते, त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, आणि वर लिहिले होते: 'वर्गात वाचले तरी चालेल.'