झोन सोडा, शेवटची गाडी बघा!

लंडनला सहा-आठ आठवड्यांसाठी ऑनसाईट निघालेला मराठी सॉफ्टवेअरवाला ओळखणं सोपं आहे. व्हिसा हातात पडला की त्याचे तीन प्रश्न ठरलेले असतात. "ऑफिसच्या जवळ कुठे मिळेल?", "स्वस्त कुठे मिळेल?" आणि (जरा आवाज खाली करून) "आपली माणसं कुठे राहतात?" तिन्ही प्रश्न वाजवी आहेत. आणि तिन्ही मिळून त्या बिचाऱ्याच्या लंडनचं पार वाटोळं करतात, असं माझं ठाम मत आहे.

कारण चौथा प्रश्न कोणी विचारतच नाही. रात्री अकरा वाजता मी घरी कसा येणार?

आज याच एका प्रश्नावर भांडायचं आहे. ज्यांना बिग बेनसमोर फोटो काढून परत यायचंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. :)

तर मुद्दा असा की, शहर दिवसा सगळ्यांना सारखंच मिळतं. टॉवर ब्रिज काय किंवा बकिंगहॅम पॅलेस काय, तुम्ही हाउन्स्लोहून या नाहीतर हॉटेलच्या दारातून चालत या, तो तेवढाच दिसतो. फरक पडतो तो संध्याकाळी सहानंतर. नाटकं साडेसातला सुरू होतात आणि दहा-सव्वादहाला सुटतात. व्ही अँड ए म्युझियम शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत, ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत. तिन्ही ठिकाणचा कायमचा संग्रह फुकट! (आणि व्ही अँड एमध्ये टिपू सुलतानाचा तो प्रसिद्ध लाकडी वाघ आहे. आपलाच वाघ, निदान बघून तरी या.) जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स चालतात. 1895 पासूनची परंपरा आहे, आणि उभं राहून ऐकायचं तिकीट आजही दहा पौंडांच्या आत मिळतं. म्हणजे या शहराच्या उत्तम गोष्टी संध्याकाळी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच फुकट किंवा स्वस्त आहेत. फक्त तिथून परत येता आलं पाहिजे.

आता आपली मंडळी काय करतात ते बघा.

पहिला पंथ देशी उपनगरवाल्यांचा. ईस्ट हॅम, साऊथॉल, वेम्बली, हॅरो. खाली दुकानात कढीपत्ता मिळतो, खोलीचे भागीदार पुण्याचे, शनिवारी रात्री पत्ते. दुसरा पंथ ऑफिसला चिकटणाऱ्यांचा. हीथ्रोच्या बाजूच्या एखाद्या बिझनेस पार्कजवळ हॉटेल, समोर हायवे, रविवारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि तिसरा पंथ "एकदम सेंट्रल"वाल्यांचा. लेस्टर स्क्वेअरपासून दोन मिनिटांवर खोली पाहिजे म्हणजे पाहिजे. मग मिळते ती अशी, की बॅग उघडायची तर पलंगावर चढावं लागतं. खिडकी उघडली तर समोर भिंत आणि खाली पहाटे तीनपर्यंत गोंधळ.

तिघांचीही चूक एकच. तिघेही नकाशावरचं अंतर मोजतात. अहो, आपण इंजिनियर आहोत ना? सिस्टीम डिझाईन करताना आपण सरासरीवर कधी समाधान मानतो का? सगळ्यात वाईट वेळी काय होईल ते आधी बघतो. मग घर निवडताना सकाळी साडेआठच्या गाडीचा विचार करून मोकळं का व्हायचं? सकाळी साडेआठला लंडनमध्ये कुठूनही गाडी मिळते. प्रश्न शनिवारी रात्री साडेबाराचा आहे.

आणि इथे एक साधी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. ऑगस्ट 2016 पासून लंडनमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर ट्यूब धावते. पण फक्त पाच लाईन्सवर : सेंट्रल, ज्युबिली, नॉर्दर्न, पिकॅडिली आणि व्हिक्टोरिया. त्यातही प्रत्येक लाईनवर टोकापर्यंत जाईलच असं नाही. मेट्रोपॉलिटन, डिस्ट्रिक्ट, बेकरलू या यादीत नाहीत. 2022 मध्ये सुरू झालेली आणि सगळ्यांची लाडकी एलिझाबेथ लाईनसुद्धा नाही.

आता यादी पुन्हा वाचा. ईस्ट हॅम? डिस्ट्रिक्ट. रात्री गाडी नाही. हॅरो? मेट्रोपॉलिटन. नाही. साऊथॉल? एलिझाबेथ. नाही. आणि वेम्बलीची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. वेम्बली पार्क स्टेशन ज्युबिली लाईनवर आहे, तिथे रात्रभर गाडी. वेम्बली सेंट्रल बेकरलूवर आहे, तिथे नाही. दोघांच्या मध्ये साधारण अर्ध्या तासाची चाल. दोन्हीकडे झोन 4. तोच कढीपत्ता, तेच देऊळ. पण एका घरात राहणारा माणूस शनिवारी नाटक बघून, जेवून, नदीकाठी रमतगमत येऊ शकतो, आणि दुसऱ्या घरातला मध्यंतरापासून घड्याळ बघायला लागतो. हा फरक पैशाचा नाही हो! नकाशा नीट वाचण्याचा आहे. (याच न्यायाने हाउन्स्लोला माझ्याकडून पास. पिकॅडिली लाईन आहे. लांब आहे, पण रात्री परत येता येतं.)

"पण पैशाचं काय?" आलाच प्रश्न. या प्रश्नाची टिंगल मी करणार नाही. घरचे हप्ते असतात, बहिणीचं लग्न असतं, आणि ऑनसाईटच्या भत्त्यातून वाचवलेला पैसा अनेक घरांना उभं करतो. पण मग हिशोब तरी पूर्ण करा. 2025 च्या दरांनी झोन 1-2 मध्ये दिवसभर कितीही फिरलात तरी जास्तीत जास्त 8.90 पौंड कापले जातात. झोन 1-4 साठी तीच मर्यादा 12.80 पौंड. आठवड्याची मर्यादा साधारण पाच दिवसांएवढी असते. म्हणजे आठवड्याला साडेएकोणीस पौंडांचा फरक, सहा आठवड्यांत जवळजवळ 117 पौंड. शिवाय रोज जाऊन-येऊन तासभर जास्त. तीस कामाचे दिवस धरा, तीस तास झाले. भाड्यातला फरक यापेक्षा मोठा असेल, मान्य. पण तो फरक मांडताना हे 117 पौंड आणि हे तीस तास वजा कोणी करतं का? पौंडाला शंभराने गुणणारा आपला माणूस स्वतःच्या तासाला मात्र शून्याने गुणतो!

आणि जिथे हॉटेलचं बिल कंपनीच भरते तिथे तर पैशाचा मुद्दा येतच नाही. तिथे फक्त आळस असतो. ट्रॅव्हल डेस्क जे पहिलं नाव पाठवतं त्याला "ओके, थँक्स" असं उत्तर पाठवून आपण सहा आठवडे गहाण टाकतो.

दुसरा आक्षेप : "आम्ही पीत नाही, मग रात्री बाहेर जाऊन करायचं काय?" हा गैरसमज तर मुळापासून उपटला पाहिजे. लंडनच्या पबमध्ये कोणी तुमचा ग्लास हुंगायला येत नाही. काउंटरवर जायचं, स्वतः मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे. लाईम-सोडा मागा, कोणाची भुवई उंचावत नाही. फक्त एक रीत पाळायची. एकाने सगळ्यांसाठी आणलं की पुढची पाळी दुसऱ्याची. तुमचा सोडा स्वस्त असला तरी तुमच्या पाळीला सगळ्यांचं आणायचं. फुकट्या ठरायचं नसेल तर एवढं पुरे.

आणि आता खरं दुखणं सांगतो. शुक्रवारी साडेपाचला सगळी टीम पबकडे निघते. आपला माणूस सहा-तेराच्या गाडीकडे निघतो, कारण पुढे बदली आहे, मग बस आहे, आणि भात लावायची पाळी त्याची आहे. पबमध्ये काय होतं? फुटपाथवर उभं राहून गप्पा होतात. त्या गप्पांमध्ये कळतं की पुढचं मॉड्यूल कोणाकडे जाणार, कोणता मॅनेजर कंटाळलाय, कोणाला कोणाची मदत हवी आहे. हे सगळं मीटिंगच्या मिनिट्समध्ये कधीच येत नाही. मग सोमवारी आपण तक्रार करतो की "हे लोक आपल्याला विचारातच घेत नाहीत". काही वेळा ती तक्रार खरीही असते, नाकारत नाही. पण तुम्ही तिथे असताच ना, तर निदान खरी की खोटी ते तरी कळलं असतं! घराची जागा चुकली की शुक्रवार जातो, आणि शुक्रवार गेला की माणसं जातात. हे नुकसान कुठल्याही एक्सेल शीटमध्ये दिसत नाही.

तिसरा आक्षेप मुलींचा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. "रात्री अकराला एकटीने यायचं म्हणजे..." अगदी बरोबर. म्हणूनच तर म्हणतो, आधी शेवटची गाडी बघा आणि मग स्टेशनपासून दारापर्यंतची वाट बघा. उजेडाचा, दुकानांचा मोठा रस्ता असेल आणि पाच मिनिटांत घर येत असेल तर ते घर वीस मिनिटं आत असलेल्या स्वस्त घरापेक्षा हजारपट चांगलं. ही वाट भर दुपारी दोनला नव्हे, अंधार पडल्यावर एकदा चालून बघायची. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे त्यासाठी फार जागावंही लागत नाही.

"आपली माणसं" या मुद्द्याबद्दलही एक सांगतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं आहे आणि त्याची स्वतःची वास्तू डॉलिस हिलला आहे. डॉलिस हिल ज्युबिली लाईनवर आहे. रात्री गाडी असलेल्या! गणपतीला जरूर जा, मोदक खा, रात्री आरामात परत या. वडापावची हुक्की आली तर रविवारी हाउन्स्लोला जा. आपली माणसं भेटण्यासाठी आहेत, त्यांच्यामागे लपण्यासाठी नाहीत.

आणि आपल्या माणसांचीच गोष्ट काढलीत तर चॉक फार्म स्टेशनला उतरा. थोडं चाललं की 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ती वास्तू विकत घेतली आणि तिथे स्मारक केलं. पैशांची चणचण म्हणजे काय, हे त्या घरात कळतं. अर्धपोटी राहून त्या माणसाने ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात तासन् तास काढले. आपण आंबेडकर नाही, हे उघड आहे. पण पैसे कमी म्हणून शहराने देऊ केलेली मोठी गोष्टच सोडून द्यायची, हा धडा निदान तिथे तरी मिळत नाही.

तर माझी रीत सरळ आहे. आधी रात्रीच्या ट्यूबचा नकाशा उघडा, रोजचा नव्हे. त्यावर झोन 2 किंवा 3 मधलं असं स्टेशन शोधा जिथे शक्यतो दोन लाईन्स मिळतात. फिन्सबरी पार्कला व्हिक्टोरिया आणि पिकॅडिली, दोन्ही रात्रभर. स्ट्रॅटफर्डला सेंट्रल आणि ज्युबिली. एक बंद पडली तर दुसरी आहे, आणि शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी लाईन बंद असणं तिथे नेहमीचंच. मग स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या आत खोली शोधा. मग भाडं बघा. आणि ऑफिस? ते सगळ्यात शेवटी बघा. ऑफिस कुठे पळून जात नाही, आणि तिथे पोचायला कोणीतरी तुम्हाला पगार देतंच.

हे कोणाला चैनीचं बोलणं वाटेल. वाटू दे. पंचविशी-तिशीत परक्या शहरात सहा आठवडे मिळणं, खिशात थोडे पैसे असणं आणि घरी कोणी वाट बघत नसणं, हा योग आयुष्यात किती वेळा येतो ते मोजा. पुढे लग्न होतं, पोरं होतात, मग लंडनला जाता ते पॅकेज टूरने, मादाम तुसाँच्या रांगेत उभे राहायला. तेव्हा रात्री अकराला घरी कसं यायचं हा प्रश्नच नसतो. टूरवाला नऊलाच हॉटेलवर आणून सोडतो.

असो. ट्रॅव्हल डेस्कच्या त्या ई-मेलला आज उत्तर देऊ नका. आधी नकाशा बघा.