पावत्यांपलीकडचा हिशेब

अत्याचारग्रस्त स्त्रिया आणि निराधार मुलींसाठी निवारागृह चालवणाऱ्या संस्थेने वर्षअखेर पावत्या जोडाव्यात, सनदी लेखापालाची सही घ्यावी, उपयोगिता प्रमाणपत्र धाडावे. की पुढच्या हप्त्याची वाट मोकळी. पैसा ठरल्या कामावर खर्च झाला, एवढेच तो कागद सांगतो. ज्यांच्यासाठी तो दिला त्यांच्या वाट्याला काय आले, हा रकाना त्यात नसतो.

बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाचे प्रकरण या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. संस्था स्वयंसेवी, पैसा सरकारी. राज्याच्या समाजकल्याण खात्यानेच मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाकडे निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण सोपवले होते. या मंडळींनी फार मोठी विद्या वापरली असे नाही. ती मुलींशी बोलली! (तपासणीत हे कोणाला सुचू नये, याचेच नवल.) मे २०१८ अखेर गुन्हा नोंदला गेला, तीसहून अधिक मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. संस्थाचालकाला जन्मठेप झालीच. पण ज्यांनी लक्ष ठेवायचे, त्या बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष आणि बालसंरक्षण अधिकारीही दोषींत होते. राखणदारच सामील असेल तर पावती काय करील?

महालेखापरीक्षक आहेत ना, असे कोणी म्हणेल. १९७१ च्या कायद्यानुसार साधारणपणे किमान २५ लाखांचे अनुदान, आणि तेही एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के, असेल तर संस्थेचे हिशेब त्यांच्या कक्षेत येतात. वीस-पंचवीस जणींचे छोटे निवारागृह या जाळ्यातून सहज निसटू शकते.

प्रामाणिक संस्थांची तक्रारही खरी आहे. अनुदान रखडते, किराणा उधारीवर येतो, आणि कार्यकर्तीचा दिवस रकाने भरण्यात जातो. म्हणून कागद वाढवू नका, कमीच करा. त्याऐवजी बाहेरच्या, त्या खात्याशी लागेबांधे नसलेल्या माणसांनी वर्षातून एकदा, न कळवता जावे. संचालकांना बाहेर बसवून राहणाऱ्यांशी बोलावे. त्याचा खर्च अनुदानातूनच ठेवावा. सामाजिक लेखापरीक्षणाचा कायदा मेघालयाने २०१७ मध्ये केला आहे. आपण 'स्वाधार' आणि 'उज्ज्वला' यांचे २०२२ मध्ये 'शक्ती सदन' असे एकत्रित नामकरण होताना पाहिले. पाटी बदलणे सोपे.

आणि अहवाल, मुलींची ओळख झाकून, लोकांसमोर ठेवावा. बिहारचा अहवाल गुन्हा नोंदल्यावरही जाहीर व्हायला ऑगस्ट २०१८ उजाडावा लागला.