रक्ताची पिशवी आणि आमचा हट्ट

मागच्या वर्षी आमच्या खालाजानचे आतड्याचे ऑपरेशन झाले. तीन रात्री त्या अतिदक्षता विभागात होत्या. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन 8.1. आपल्या घरांत असा आकडा कळला की काय होते ते तुम्हाला सांगायला नको. मामूंनी चार फोन केले, दोन भाचे रक्त द्यायला हजर झाले, अम्मीने तसबीह हातात घेतली. आणि डॉक्टर म्हणाले, "रक्तस्राव नाही, हृदय ठीक आहे. आज रक्त चढवणार नाही."

"डॉक्टरसाहेब, तुमच्या आईला असे असते तर?" मामू चिडून म्हणाले.

"तरी हेच केले असते."

आम्ही मामूंच्याच बाजूने बोललो, हे कबूल करायला हवे. खर्च वाचवायला पाहतात की काय, असेही मनात आले.

घरी आल्यावर या प्रश्नाचे वाचन केले, तेव्हा पॉल हेबर्ट या कॅनडाच्या डॉक्टरांचे काम समोर आले. हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेले की रक्त द्यावे, असा दवाखान्यांत कित्येक दशके रिवाज होता. सगळे पाळत होते, पण अत्यवस्थ रुग्णांवर तो नीट पडताळून कोणी पाहिला नव्हता. ओटावात काम करणाऱ्या हेबर्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पडताळायचे ठरवले. 1994 ते 1997 या काळात कॅनडातल्या 25 अतिदक्षता विभागांतले 838 रुग्ण त्यात घेतले. चिठ्ठी टाकावी तशा त्यांच्या दोन तुकड्या केल्या. एका तुकडीला 10 च्या खाली गेल्यावर रक्त, दुसरीला 7 च्या खाली गेल्यावरच. कोण कुठल्या तुकडीत जाणार, हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हते. नाहीतर जास्त आजारी दिसणाऱ्याला हात आपोआप जास्त रक्त देतो आणि हिशेब बिघडतो.

सोपे नव्हते ते. आईबाप, नवरा, मुलगा मरणाच्या दारात असताना नातेवाइकांनी "हो, चिठ्ठी टाका" असे म्हणायचे! आम्ही तर म्हटले नसते. तिथेही पुरेसे रुग्ण मिळेनात, म्हणून अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवावा लागला.

निकाल 1999 मध्ये छापून आला. जास्त रक्त मिळालेल्यांपैकी 23.3 टक्के रुग्ण 30 दिवसांत दगावले, कमी मिळालेल्यांपैकी 18.7 टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून कमी रक्ताने जीव वाचतात असा दावा त्यावरून करता येत नाही. पण थांबल्याने नुकसान झाले नाही, हे दिसले. 55 वर्षांखालील रुग्णांत मात्र फरक ठळक होता : 13 टक्के विरुद्ध 5.7. आणि एका रुग्णामागे सरासरी 5.6 पिशव्यांऐवजी 2.6 पिशव्यांत भागले.

जास्त रक्ताने अपाय कसा होईल, असे मामूंनी विचारलेच. रक्त म्हणजे सलाईन नव्हे, दुसऱ्याच्या शरीराचा तो जिवंत भाग असतो. त्याने कधी फुप्फुसांत पाणी साचते, कधी शरीर त्याच्याशी झुंजते. मामू म्हणाले, "मग शिळ्या रक्ताचा दोष असेल, ताजे द्यावे." हेही हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले आहे. 2015 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात सरासरी 6 दिवसांचे आणि 22 दिवसांचे रक्त घेणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. अपघातात किंवा बाळंतपणात रक्त वाहून जात असेल, तर हा 7 चा आकडा तिथे लावायचा नाही. तिथे थांबणे जिवावर बेतते. थॅलेसेमियाच्या मुलांचा हिशेब वेगळा, हृदयविकाराच्या झटक्याचाही वेगळा. आकडा वाचून घरच्या घरी निर्णय घ्यायचा नसतो. डॉक्टरांना "का देत नाही?" असे विचारावे, तसेच "का देता?" असेही विचारावे. दुसरा प्रश्न आम्ही आजवर कधी विचारला नव्हता.

खालाजान अकराव्या दिवशी घरी आल्या, एकही पिशवी न चढवता. भाच्यांनी रक्त दिले होते, ते रक्तपेढीतून दुसऱ्याच कोणाला गेले. मामू अजून म्हणतात, एक तरी चढवायला हवी होती.